प्रतिसाद कमी कसा, ते माझ्या डब्यांना विचारा

मा. जिल्हाधिकारी आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

सविनय नमस्कार.

मी मेस चालवते. तालुक्याच्या गावी, ट्यूशनच्या गल्लीत. सकाळी ६२ डबे, संध्याकाळी ५४. गल्लीतली पोरं मला मावशी म्हणतात, तेवढी ओळख या पत्राला पुरे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर ज्या पोराबद्दल लिहिणार आहे, तो कुणाच्या ओळखीचा निघू नये. आणि मराठवाड्यातल्या आठांपैकी कुठल्याही जिल्ह्याच्या साहेबांनी हे वाचलं, तरी त्यांना ते आपल्यालाच लिहिलंय असं वाटावं, अशी माझी इच्छा आहे.

गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकच्या, म्हणजे वयात येणाऱ्या पोरांच्या समुपदेशनाच्या खोलीच्या, दारावर एक कागद चिकटला. समुपदेशन सेवा पुढील आदेशापर्यंत जिल्हा रुग्णालयात उपलब्ध राहील, खाली सही आणि शिक्का. दाराला कुलूप. मी खिडकीवर चौकशी केली. तिथले बाबू चांगले आहेत, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "मावशी, प्रतिसादच नव्हता. महिन्याला चार-पाच पेशंट. तेवढ्यासाठी माणूस ठेवतं का कुणी?"

हा हिशेब मला मान्य नाही, म्हणून लिहायला बसले.

मी पण हिशेबावरच जगते. पण माझा हिशेब डब्यांचा. डबा रिकामा आला, म्हणजे लेकरू ठीक आहे. पोळ्या संपल्या आणि भाजी उरली, तर भाजी बिघडली होती, चूक माझी. भाजी संपली आणि पोळ्या उरल्या, तर संध्याकाळी गाड्यावर काहीतरी खाल्लंय. पण झाकणच उघडलेलं नाही असा डबा लागोपाठ दोन वेळा आला, की मी गॅस बारीक करते आणि त्या पोराच्या रूमचा जिना चढते. गेल्या वर्षभरात असा जिना मी ११ वेळा चढले. यातलं एकही पोरगं तुमच्या त्या चार-पाचांत नव्हतं.

त्यातल्या एकाचं सांगते. जानेवारीतली गोष्ट. पोरगा रिपीटर, दहावीला ९३ टक्के, नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, दुसरा प्रयत्न. मागच्या वर्षी ७२० पैकी जे मिळाले त्यात नंबर लागला नव्हता. तीन डबे न उघडता परत आले, तेव्हा मी वर गेले. पत्र्याची खोली, तीन कॉट, भिंतीला मूलद्रव्यांचा तक्ता. बाकीचे दोघं क्लासला गेलेले. हा भिंतीकडं तोंड करून पडलेला, भर दुपारी अंगावर चादर. मी म्हटलं, बाळा, ताप आहे का? तो वळला नाही. म्हणाला, "मावशी, उद्यापासून डबा बंद करा. उगी पैसे चाललेत."

साहेब, जेवायचं नाही हे तो पैशाच्या भाषेत सांगत होता, कारण त्याच्या घरात सगळं त्याच भाषेत बोलतात. आई-बाप ऊसतोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घेतली आणि त्या उचलीतून क्लासची फी भरली. हे पोराला माहीत होतं. आपलं एक वर्ष वाया गेलं म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एका हंगामाच्या मोळ्या, हे त्यानं कुणी न शिकवता सोडवलेलं गणित. त्या आठवड्यात त्याला क्लासनं 'स्टार' बॅचमधून 'सी' बॅचला टाकलं होतं. नावांची यादी खाली गेटवर लावली होती. माझ्या डब्याची पोरं तिच्यासमोरून जाताना चाल वाढवतात, ते मी रोज बघते.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन रुग्णालयात गेले. केसपेपर फुकट झालाय, त्याबद्दल आभार. खिडकीवर विचारलं, काय होतंय? मी हळूच म्हटलं, मनाचं. आतून मोठ्यांदा आवाज आला, "कशाचं?" मागं रांगेत पंचवीस माणसं. पोरानं माझा पदर ओढला, चला म्हणाला. तरी आत गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ॲसिडिटीची आणि ताकदीची गोळी लिहिली. मनाचे डॉक्टर जिल्ह्यावरून महिन्यातून दोन मंगळवारी येतात, असं कळलं. तो मंगळवार आला तेव्हा ते दुसऱ्या तालुक्यात शिबिराला गेले होते. मैत्री क्लिनिकच्या समुपदेशक बाईंना त्या आठवड्यात लसीकरणाच्या कामाला लावलं होतं. दार उघडंच होतं, म्हणून डोकावले. टेबलावर सलाईनचे खोके, खुर्चीवर मच्छरदाण्यांचा गठ्ठा. भिंतीवर पोस्टर: मनमोकळं बोला.

प्रामाणिकपणे एक लिहिते. त्या रात्री ११ वाजता भांडी घासून झाल्यावर मी १४४१६ ला फोन लावला. टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेला नंबर. फोन उचलला गेला. मराठीत बोलले. पोराशी पाऊण तास बोलले, घाई केली नाही. तुमच्या सगळ्या यंत्रणेत त्या रात्री जागं एवढंच माणूस होतं आणि त्याचं ऋण मी मानते. पण त्या माणसानंही शेवटी सांगितलं, याला जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा.

जिल्हा ७० किलोमीटर. साडेसहाची एसटी, माझं अर्धं तिकीट, त्याचं पूर्ण. दिवसाचे डबे शेजारणीवर टाकले. डॉक्टर भले होते. गोळ्या लिहून दिल्या, म्हणाले, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, मधेच सोडू नको. दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. दहा दिवसांनी परत गेलो तर खिडकीवर उत्तर, स्टॉक नाही, बाहेरून घ्या. मधेच सोडू नको असं सांगणारं आणि गोळी नाही म्हणणारं रुग्णालय एकच.

त्याचे वडील फडातून आले, ते दोन दिवसांसाठी. तेवढ्यासाठीसुद्धा मुकादमाची परवानगी लागली. ते म्हणाले, "बाहेरचं असंल. सैलानीला नेऊन आणतो." मी वाद घातला नाही. म्हटलं, दादा, गोळी चालू ठेवा आणि सैलानीलाही न्या. दोन्ही केलं. तुमच्यातले काही यावर हसतील. पण बघा, बुलढाण्याच्या त्या दर्ग्याचं दार दिवसभर उघडं असतं, तिथं कुणी अर्ज मागत नाही आणि रांगेत मोठ्यांदा "कशाचं?" असं विचारत नाही. माणसं तिकडं का जातात, याचं उत्तर सगळंच अंधश्रद्धेत नाही.

पोरगा सध्या बरा आहे. गावी आहे, बारावीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो. नीट सोडली. ती त्याची मर्जी.

आता प्रतिसादाचं बोलू.

तुमचं क्लिनिक उघडायचं ११ ते २. पोरं सकाळी ७ ला क्लासात शिरतात, दीडला बाहेर पडतात, जेवून अडीचला परत. जी पोलीस भरतीची तयारी करतात ती पहाटे ग्राउंडवर, दिवसा कुठंतरी कामावर. ११ ते २ या वेळेत आमच्या गल्लीत जागी असतात ती मी आणि मांजरं. दुकान गिऱ्हाईक नसतानाच उघडायचं आणि वर गल्ला रिकामा म्हणून रडायचं, असा हा प्रकार.

जागा तर विचारूच नका. खोली प्रसूती वॉर्डच्या समोर, एचआयव्ही तपासणीच्या शेजारी. माझ्याकडची एक मुलगी, अकरावीची, हिंमत करून एकदा बाकड्यावर बसली. तिच्या गावची बाई सुनेला घेऊन आली होती, तिनं पाहिलं. संध्याकाळी मुलीच्या घरी फोन गेला: तुमची पोरगी दवाखान्यात 'तिथं' बसली होती. पुढच्या रविवारी भाऊ येऊन तिला घेऊन गेला. शिक्षण तिथंच थांबलं. ती तुमच्या रजिस्टरला एक पेशंट म्हणून लागली असेल. माझ्या वहीत एक डबा कमी झाला.

भाषेचं कुणी कधी बोलत नाही. माझ्याकडं तांड्यावरची पाच पोरं आहेत, घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलतात. चार मुली दखनी बोलणाऱ्या. मराठी सगळ्यांना येतं, पेपर मराठीतच लिहिलेत. पण रडू ज्या भाषेत येतं ती वेगळी. त्यातली एक समुपदेशक बाईंकडं जाऊन आली होती. मी विचारलं, काय बोललीस? म्हणाली, "खाला, शुद्ध बोलायच्या नादात निम्मं राहिलंच." मला ती एकटीच खाला म्हणते.

आणि एक पारधी पोरगा. पहाटे चारला उठून पळतो, पोलीस व्हायचंय त्याला. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी त्याच्या जमातीवर गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ ला गेला. शिक्का कुठं गेला? गल्लीत सायकल चोरीला गेली तेव्हा घरमालकानं आधी त्याचीच खोली उघडली. त्या रात्रीपासून त्याला झोप नाही. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन ये. तो म्हणाला, "आडनाव लिहून घेतात ना तिथं?" त्याला मी काय सांगायला हवं होतं, ते तुम्ही सांगा. आणखी एक लेकरू आहे, ज्याला मुलाच्या खोलीत राहावं लागतं आणि जे स्वतःला मुलगा समजत नाही. त्याच्याबद्दल एवढंच लिहिते. त्यानं मला विश्वासानं सांगितलंय.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. त्याचं कलम १८ मी भाच्याकडून वाचून घेतलं. सेवा जवळ हवी, परवडणारी हवी, पुरेशी हवी, आणि जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, संस्कृती, वर्ग असा कशावरूनही भेद न करता मिळायला हवी, असं त्यात आहे. किमान सरकारी सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घेता येतात आणि त्याचा खर्च सरकारनं सोसायचा, असंही आहे. बाहेरून घेतलेल्या गोळ्यांची पावती मी जपून ठेवलीय. कुठल्या खिडकीवर द्यायची?

मला हे सगळं एवढं का लागतं, तेही सांगते. मी पण ऊसतोडीचीच लेक. नऊ वर्षांची होते तेव्हापासून दिवाळीनंतर आई-बाप गाडीत बसायचे आणि मी, धाकटा भाऊ, म्हातारी आजी असे पाच-सहा महिने मागं राहायचो. गाडी गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत भाऊ रस्त्यावर उभा राहायचा. मग आठ-आठ दिवस बोलायचा नाही, अंथरूण ओलं करायचा. आजी म्हणायची, लेकरू हिरमुसलंय, येईल माणसात. शाळेत गुरुजी म्हणायचे, मठ्ठ आहे. आमच्या वर्गातल्या दोन पोरींची तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्नं लागली, कारण लग्न झालं की जोडी होते आणि जोडीचा पूर्ण कोयता लागतो. त्यातली एक मला मागच्या वर्षी बाजारात भेटली. तिला मी ओळखलं. तिनं मला ओळखायला वेळ घेतला. बोलता बोलता मधेच थांबायची, काय बोलत होते म्हणायची. तिला काय झालंय ते मला सांगता येणार नाही. तिला कुणी कधी विचारलंही नसेल.

मराठवाड्याला संकटानंतरची मदत नवी नाही. माझ्या सासूबाईंचं माहेर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तिथं घरं बांधून मिळाली, चांगली मिळाली. सासूबाई अजून दाराजवळच झोपतात, दाराला कडी घालू देत नाहीत. दुष्काळात टँकर आले, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. शेतकरी आत्महत्या वाढल्या तेव्हा २०१५ ला प्रेरणा प्रकल्प आला, १४ जिल्ह्यांत, त्यात आपले आठही. आमच्या गावी आशाताई कागद घेऊन घरोघर फिरल्या. प्रश्न चांगले होते, झोप लागते का, कशात मन लागतं का. पण ओट्यावर चारचौघांत विचारले, तेही सासऱ्यांसमोर सुनेला. सून म्हणाली, लागते की झोप. कागदावर टिक झाली.

आणि मनाच्या दवाखान्याचं म्हणाल, तर राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. त्या यादीत आमच्यातलं एकही गाव नाही. जालन्याला मंजुरी मिळाल्याची बातमी वाचून मला आनंद झाला होता. पण खरं सांगू का, माझ्या डब्याच्या पोरांना मनोरुग्णालय लागत नाही. त्यांना लागतं अर्धा तास ऐकून घेणारं शिकलेलं माणूस, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला यायला तयार नाहीत, हे मला कळतं. मी तज्ज्ञ मागतच नाही. समुपदेशक मागते. तो तुमच्याकडं होता आणि तुम्ही तो काढला.

काढलाही कसा? अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरच्या बाई होत्या. त्यांच्या आधी एक सर होते, त्यांनाही पोरं सरावेपर्यंत ऑर्डर संपली. पोरगं एकदा काळीज उघडं करतं. पुढच्या वर्षी नव्या माणसापुढं परत पहिल्यापासून? मी तरी केलं नसतं.

आता जिल्हाधिकारी साहेबांसाठी. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता. मार्कांवरून बॅचा पाडू नका. मदतीचे नंबर ठळक लावा. खाजगी क्लासच्या नोंदणीचे नियम राज्यानं करा. आणि हे सगळं होतंय का ते बघायला प्रत्येक जिल्ह्यात समिती, अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्याच निकालात २०२२ चा राष्ट्रीय आकडा आहे: देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. त्या वर्षी राज्यांत सर्वांत वर आपला महाराष्ट्र, १,७६४.

आमच्या गल्लीत यातलं काय आलं, तर हॉस्टेलच्या खोल्यांतल्या पंख्यांना सुरक्षेची जोडणी. तोही त्या १५ पैकी एक निर्देश आहे आणि तो झाला, कारण सामान आणून बसवता येतं. माणूस बसवायचा राहिला. एक क्लास आता तीन नावांनी चालतो. प्रत्येक नावावर नव्वद-पंच्याण्णव पोरं. शंभरला पाच-दहा कमी का, हे मला गणित न शिकताही कळतं. जिल्हा समितीत कोण आहे हे विचारायला मी गेले, तर तीन टेबलं फिरून चौथ्यावर मला सांगितलं, अर्ज द्या. दिलाय. पोचही घेतलीय.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

मैत्री क्लिनिकचं कुलूप काढा आणि समुपदेशक परत द्या. वेळ संध्याकाळी ५ ते ८, रविवारसकट. सोमवारी बंद ठेवा हवं तर. खोली अशी द्या की जिचं दार रांगेतून दिसत नाही. आणि त्या माणसाला लसीकरण, सर्वे, निवडणूक, कशालाही लावू नका.

ऑर्डर किमान तीन वर्षांची करा. तालुक्यात गोरबोली आणि दखनी बोलणाऱ्या शिकलेल्या मुली आहेत, समाजकार्याची पदवी घेतलेल्याही आहेत, मी नावं देऊ शकते. त्यांना घ्या.

जिल्ह्याच्या औषध खिडकीत डिप्रेशनच्या गोळ्या संपू देऊ नका. तालुक्याला महिनाभराचा साठा ठेवा, म्हणजे दहा गोळ्यांसाठी ७० किलोमीटर यावं लागणार नाही.

समितीची नावं, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि कुठले क्लास तपासले, हे तहसीलच्या फळ्यावर लावा. ती 'स्टार' आणि 'सी'ची यादी गेटवरून काढायला लावा. एवढ्याला तर पैसाही लागत नाही, एक फोन लागतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची जी लेकरं मागं राहतात, त्यांच्या शाळेत हंगामात पंधरा दिवसांतून एकदा तरी हा समुपदेशक जाऊ द्या. गुरुजींना कळू द्या की गप्प बसलेलं प्रत्येक पोरगं मठ्ठ नसतं.

तोवर एक करता येईल. माझ्या मेसच्या वर एक खोली आहे. संध्याकाळी ५ ते ८ रिकामीच असते, तेव्हा मी खाली पोळ्या लाटते. पंखा आहे, दार आतून लागतं, जिना मागच्या बोळातून आहे, कोण वर गेलं ते गल्लीत कुणाला दिसत नाही. भाडं नको. तुमचं माणूस पाठवा. त्याचा डबाही मी देईन, आणि प्रतिसाद किती येतो ते वहीत लिहून दर महिन्याला तुमच्या खिडकीवर आणून देईन.

आपली नम्र,
गल्लीतली मेसवाली मावशी